लागरची पाणीपट्टी

संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की चितेगाव मागे टाकून बिडकीन येतं. तालुका पैठण. रान कपाशीचं, मोसंबीचं आणि अलीकडे ऑरिक नावाच्या औद्योगिक शहराचं. बिडकीनचं ७,८५५ एकरांचं औद्योगिक क्षेत्र सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशाला अर्पण केलं, आणि तेव्हापासून गावात कोणती मोटार कंपनी किती एकर घेणार याची चर्चा पूर्वीच्या कापसाच्या भावासारखी चालते. अशा गावाच्या नावाने क्राफ्ट अँबर लागर ही तांबूस बिअर कशी पारखावी, असा विषय काढणं अनेकांना अगोचरपणाचं वाटेल. माझं म्हणणं असं, की हा विषय काढायचाच असेल तर तो इथेच काढला पाहिजे. पुण्यात तो छंद आहे, म्युनिकमध्ये धंदा आहे, बिडकीनमध्ये तो हिशेबाचा विषय आहे. आणि हिशेब दारूचा नसून पाण्याचा आहे.

बिडकीनच्या शेजारी फारोळा आहे. जायकवाडीच्या नाथसागरातून उपसलेलं पाणी फारोळ्याच्या केंद्रात शुद्ध होतं आणि पुढे नक्षत्रवाडीमार्गे शहरात जातं. शहरातल्या नळाला ते किती दिवसांनी येतं हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. तिथल्या कॅलेंडरांवर एकादशी-चतुर्थीच्या बरोबरीने पाण्याचे वारही पेन्सिलीने मांडलेले असतात. याच धरणाचं पाणी औद्योगिक वसाहतींनाही जातं, आणि संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात कार्ल्सबर्ग, युनायटेड ब्रुअरीज अशा मोठ्या कंपन्यांचे बिअरचे कारखाने आहेत. चांगल्या चालवलेल्या कारखान्यातसुद्धा एक लिटर बिअरमागे साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागतं. मधला आकडा धरला तर ६५० मिलीची एक बाटली म्हणजे अडीच लिटरहून थोडं जास्त पाणी. सहा बाटल्या म्हणजे एक हंडा. टँकरपुढे हंडा घेऊन उभी असलेली बाई हे गणित कागदाशिवाय करू शकते. २०१६ च्या दुष्काळात ते न्यायालयापर्यंत गेलं. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि १० मेपासून साठ टक्क्यांनी तोडायला सांगितलं. जगात बिअरवर बंदी अनेकदा आली आहे. तिच्या पाण्यावर टक्केवारीने निकाल देण्याची पाळी मात्र फार थोड्या मुलुखांवर आली असेल.

आता इतकं पाणी खाऊन तयार झालेल्या या वस्तूची परीक्षा आपल्याकडे कशी होते ते पाहू. परमिट रूममध्ये बिअरबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, ‘चिल्ड आहे का?’ दुसरा, ‘स्ट्राँग आहे ना?’ वेटर दोन्हींना हो म्हणतो आणि परीक्षा संपते. बाटलीत जव आहे की मका, तांदूळ आहे की नुसती साखर, कडूपणा कुठून आला, बाटली कारखान्यातून कधी निघाली, यांपैकी काहीही विचारणारा माणूस एकतर उत्पादन शुल्क खात्याचा असतो किंवा बाहेरगावचा. वांगं घेताना देठ पाहणारा, कलिंगडावर टिचकी मारून कान लावणारा, साडीचा पदर उलटा करून धागे मोजणारा हा समाज. पैठणीचं पैठण तर हाकेच्या अंतरावर. आणि हाच समाज बिअरच्या बाटलीवरचा एकच शब्द वाचतो: स्ट्राँग. महाराष्ट्रात पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर सौम्य आणि त्यापुढे आठ टक्क्यांपर्यंतची कडक. देशात खपणाऱ्या बिअरचा फार मोठा हिस्सा कडक आहे. ग्राहकाचं गणित सरळ आहे: बाटली तेवढीच, पैसे जवळपास तेवढेच, मग जास्त चढणारी का घेऊ नये?

हे गणित शेवटपर्यंत नेलं तर मात्र भलतंच उत्तर निघतं. ६५० मिली कडक बिअरमध्ये फार तर ५२ मिली अल्कोहोल. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्क्यांच्या नेहमीच्या मापाने, ७७ मिली. म्हणजे चढणं हीच कसोटी असेल तर बिअर पिणं हा शुद्ध अडाणीपणा आहे: पोट जास्त भरतं, लघवीला जास्त वेळा उठावं लागतं, फ्रिज जास्त अडतो आणि काम कमी होतं. चढण्याच्या कसोटीवर बिअर नापासच आहे. तिने या जगात, निदान जायकवाडीच्या लाभक्षेत्रात, का असावं याला चव हे एकच कारण उरतं. ते कारणही आपण तपासत नसलो तर हंडाभर पाणी आपण कशासाठी खर्च केलं, याचं उत्तर कुणाकडेच नाही. चव पारखणं हा म्हणून या पाण्याचा लेखाजोखा आहे. तो आजवर झालेला नाही, एवढंच.

लेखाजोखा सुरू करायला अँबर लागरच का? कारण तिच्यात लपायला जागा नाही. हॉप्स या कडू फुलांचा मारा करून केलेल्या बिअरमध्ये दोष झाकता येतात, फळं-मसाले घातलेल्या बिअरमध्ये तर ते विकताही येतात. अँबर लागरमध्ये असतं काय? मोड आणून भट्टीत जरा जास्त भाजलेला जव, बेताचे हॉप्स, थंडीत काम करणारं यीस्ट, पाणी, आणि वेळ. पाचांपैकी एकाने कामचुकारपणा केला की घोटात कळतं. तिचा जन्म मात्र इतका सोज्वळ नाही. १८३३ मध्ये म्युनिकचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आंतोन द्रेहर हे दोघे तरुण ब्रिटनमधल्या ब्रुअऱ्या पाहायला गेले. यजमान पाठ फिरवत तेव्हा ते आंबवणाच्या पिंपांत पोकळ काठी बुडवून नमुने लांबवत आणि मुक्कामी जाऊन तपासत. चहाचं आमंत्रण स्वीकारून यजमानाच्या स्वयंपाकघरातला मसाला चोरायचा असा हा प्रकार, पण परत आल्यावर त्यांनी त्याचं सोनं केलं. धुराचा वास न लावता जव भाजण्याची इंग्रजी रीत द्रेहरने आपल्याकडच्या थंड यीस्टला जोडली आणि १८४१ मध्ये तांबूस व्हिएन्ना लागर विकायला काढली. पुढल्याच वर्षी पिल्झनमध्ये सोनेरी लागर निघाली, तिने जग जिंकलं, आणि व्हिएन्नाची तांबडी स्वतःच्या गावातच विसरली गेली. मेक्सिकोत ती टिकली. पुढे अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्यांनी तिला पुन्हा उभं केलं. माहेरी उपेक्षा आणि परदेशी सत्कार हा क्रम आपल्याला नवा नाही.

लागरचं यीस्ट साधारण आठ ते बारा अंशांवर सावकाश काम करतं, आणि मग बिअरला शून्याच्या आसपास कित्येक आठवडे नुसतं पडून राहावं लागतं. पूर्वी यासाठी डोंगरात तळघरं खोदून बर्फ भरत. मग कार्ल फॉन लिंडेने शीतयंत्र केलं, आणि त्याचे सुरुवातीचे गिऱ्हाईक झेडलमायर-द्रेहर यांच्याच ब्रुअऱ्या होत्या. आपल्या घरच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीची जुडी ताजी राहते तिच्या पाठीशी हे दोन काठीवाले उभे आहेत. दारूच्या थेंबाला न शिवणाऱ्या घरांनी हे मनावर घेऊ नये. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सनने लागरचं यीस्ट शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, आणि त्या यीस्टचा एक पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात झाडांच्या गाठींवर सापडल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. हे सगळं लांबचं वाटतं खरं. पण त्याच कोपनहेगनच्या कंपनीची पाटी आपल्या औद्योगिक वसाहतीत लागलेली आहे, आणि तिथल्या टाकीत शिरणारं पाणी गोदावरीचं आहे. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना टाकीत दहा अंश राखायचे आणि वर आठवडेच्या आठवडे थांबायचं, यात पाण्याइतकीच वीजही जाते. म्हणून छोट्या ब्रुअरीवाल्याला लागर परवडत नाही. तेवढ्या दिवसांत त्याच टाकीतून तो दुसऱ्या जातीची बिअर दोनदा काढतो. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली तेव्हापासून महाराष्ट्रात छोट्या ब्रुअऱ्यांची परंपरा आहे, पण त्यांच्या फळ्यावर लागरपेक्षा लवकर तयार होणाऱ्या बिअरच जास्त दिसतात, त्यामागे हा टाकीचा हिशेब आहे. तेव्हा जो कुणी अँबर लागर करतो त्याने निदान धीर धरला आहे, एवढं समजून ग्लास उचलावा.

उचलल्यावर लगेच प्यायची नाही. इथेच आपल्याकडच्या अर्ध्या उमेदवारांचा निकाल लागतो. बिअरच्या परीक्षकांसाठी अमेरिकेत १९८५ पासून एक रीतसर अभ्यासक्रम आहे, बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम. त्यांची गुणपत्रिका पन्नास गुणांची असते: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकंदर छापेला १०. दिसण्याला पन्नासात तीन! आपल्याकडे स्थळं पाहताना हे प्रमाण वापरलं असतं तर कित्येक संसार सुरळीत सुरू झाले असते. १३ किंवा कमी मिळाले तर बिअर सदोष, २१ ते २९ म्हणजे चांगली, ४५ पासून पुढे असामान्य. दहावीला ३५ टक्क्यांवर पास होणाऱ्यांना ही पत्रिका ओळखीची वाटेल, फक्त इथे तोंडी परीक्षा खरोखर तोंडाची असते. व्हिएन्ना जातीच्या लागरबद्दल त्यांच्या नियमावलीत लिहिलं आहे की अल्कोहोल ४.७ ते ५.५ टक्के असावं. म्हणजे आपल्या कायद्याने हीच बिअर ४.९ ला सौम्य आणि ५.१ ला कडक. शून्य पूर्णांक दोन टक्क्यांनी ती सज्जनांच्या बाकावरून उठून आठ टक्केवाल्यांच्या शेजारी जाऊन बसते. रंग तांब्यासारखा, आरपार स्वच्छ. वास भाजलेल्या धान्याचा. चव आधी किंचित गोडसर, मग कोरडी, शेवटी बेताचा कडूपणा, आणि घोट गेल्यावर तोंडात चिकटून काहीही राहायला नको.

फेसाचा प्रश्न मात्र स्वतंत्र परिच्छेद मागतो. महाराष्ट्रात फेस म्हणजे फसवणूक. ग्लास तिरका धरून, श्वास रोखून, फेसाचा एक बुडबुडा न येऊ देता बिअर ओतणारा वेटर हा हुशार समजला जातो आणि त्याला टीप मिळते. उसाच्या रसात बर्फ जास्त घातल्याचा राग आपण पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे आणि तो इथे वापरतो. पण वास वर आणून देण्याचं काम फेस करतो, आणि वासाला बारा गुण आहेत. फेसच नसला तर परीक्षार्थी बारा गुणांचा पेपर कोरा देऊन येतो. शिवाय फेस टिकला नाही तर त्याचं कारण बहुधा ग्लासात असतं. भांड्यांच्या साबणाचा अंश किंवा आधीच्या गिऱ्हाइकाच्या भज्यांचं तेल काठाला राहिलं असेल तर जगातली कुठलीही लागर डोकं वर काढत नाही. म्हणजे दोन बोटं फेस ही दुकानदाराच्या स्वच्छतेची फुकट तपासणी आहे. अन्न व औषध प्रशासनाला इतका स्वस्त निरीक्षक मिळायचा नाही.

दोषांची यादी हा या शास्त्राचा सर्वांत करमणुकीचा भाग, आणि इथे आपल्या जिभेचं आणि परदेशी नियमांचं पहिलं भांडण होतं. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास हा लागरमधला मोठा दोष मानतात; उकळताना वाफ नीट निघून गेली नाही की तो राहतो. आता सिल्लोड-कन्नडकडच्या मक्याच्या पट्ट्यातल्या माणसाला भर पावसाळ्यात उकडलेल्या कणसाचा वास आला तर तो गुण कापेल की रुपये काढेल? लोण्याचा वास हाही दोष. यीस्टला शेवटचं काम पुरं करू दिलं नाही, घाई केली, तर तो उरतो. लोणी दिसलं की नाक मुरडायचं हे गोकुळाष्टमी साजरी करणाऱ्यांना कसं पटवावं? उन्हात राहिलेल्या हिरव्या बाटलीतल्या बिअरला तर म्हणे स्कंक नावाच्या प्राण्याचा वास येतो. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर ऊन पडलं की तयार होणारं रसायन त्या प्राण्याच्या फवाऱ्यातल्या द्रव्याचं जवळचं नातेवाईक आहे, हे खरं आहे. पण तो प्राणी मराठवाड्यात काय, भारतातच नाही. म्हणजे आपल्या परीक्षकाने कधी न पाहिलेल्या जनावराच्या वासाची ओळखपरेड करायची. जुन्या बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आणि एका विशिष्ट जंगली यीस्टला घोड्याच्या घोंगडीचा. घोंगडी आपली, घोडाही एकेकाळी आपला, तेवढं जमून जाईल.

या थट्टेतून पहिला गंभीर आक्षेप निघतो: ही भाषाच परकी आहे, आपल्या जिभेला हे काय कळणार? आक्षेप चुकीचा आहे, आणि पुरावा पौषात शेतावर मिळतो. ज्वारीचं कणीस दुधात असताना काढतात, गोवऱ्यांच्या आगटीत भाजतात, हातावर चोळून गरम दाणे पुढे टाकतात. हुरड्याला बसलेला माणूस पहिल्या मुठीत सांगतो की ही गुळभेंडी की सुरती. दाणा अजून पाण्यात आहे की दोन दिवस पुढे गेला. आगटी पेटती होती की निवत आलेली. खरपूस आहे की करपलाय. एवढंच नव्हे, तो यावर वाद घालतो, आणि हरला तरी खातो. वास, चव, तोंडातला स्पर्श, एकंदर छाप: सत्तेचाळीस गुण इथेच झाले, आणि दिसण्याचे तीन त्याने तसेही दिले नसते. माल्ट म्हणजे तरी काय? ऐन जीव धरलेला दाणा नेमक्या वेळी थांबवायचा आणि नेमका भाजायचा. अँबर लागरचा सगळा दिमाख त्या भाजण्याच्या दोन-चार अंशांत आहे. धान्य कितपत भाजलं हे ओळखणारी जीभ बिडकीनच्या पंचक्रोशीत घरोघरी आहे. तिला फक्त कुणी ग्लासापुढे बसवून प्रश्न विचारलेला नाही.

दुसरा आक्षेप वर्गाचा: हे पुण्या-मुंबईचे चोचले. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला क्राफ्टवाल्यांनीच खतपाणी घातलं आहे. फळ्यावर तिरक्या अक्षरांत बिअरचं नाव, त्याखाली तिच्या बालपणाच्या आठवणी आणि शेवटी चार आकडी बिल. छोट्या कारखान्यात केली म्हणून बिअर चांगली होत नाही, हे मोठ्याने म्हणायला हवं. मोठ्या कारखान्याची पातळ पिवळी लागर लाखो बाटल्यांत एकसारखी उतरते, आणि तिच्यात दोष सापडणं कठीण असतं, कारण तिच्यात काहीच सापडणं कठीण असतं. छोटा ब्रुअर उलट प्रत्येक टाकीला नवी चव देतो आणि तिला प्रयोग म्हणतो. गुणपत्रिकेचा उपयोग इथे आहे. ती लोण्याच्या वासाचे गुण नावाजलेल्या ठिकाणीही कापते आणि बिननावाच्या ठिकाणीही. शिवाय पारखायला लागतात ते दोन-तीन घोट. परीक्षक एका बिअरची साठ-नव्वद मिलीच चाखतात. वाइनवाले थुंकून टाकतात, हे गिळतात, कारण कडूपणा घोट उतरल्यावरच पुरता कळतो असं त्यांचं म्हणणं. बचाव म्हणून हा युक्तिवाद मला फार आवडतो. पण साठ मिलीला अडीचशे मिली पाणी लागलं आणि पन्नास गुणांचा निकाल लागला, असा कारभार आपल्या कुठल्या पाणीवापर संस्थेला जमला आहे?

तिसरा आक्षेप उन्हाचा, आणि तो मांडणाऱ्याच्या कपाळावर घाम असल्याने त्याच्याशी नीट बोललं पाहिजे. मराठवाड्याच्या मे महिन्यात बिअर पितात ती गार लागावी म्हणून. तिथे सात ते दहा अंशांवर चाखा म्हणणारा माणूस एकतर युरोपातला किंवा एसीतला. मान्य. पण शून्याजवळ नेलेल्या बिअरमध्ये वासाची द्रव्यं वर येत नाहीत आणि जीभही बधिर होते, म्हणजे ‘एकदम चिल्ड’ हा शब्द ऐकला की समजावं, पुरावा नष्ट केला आहे. गारव्यासाठीच प्यायची असेल तर माठातलं वाळा घातलेलं पाणी आहे, ताक आहे, पैठण रस्त्याची मोसंबी आहे. त्यांना कारखान्यात लिटरमागे चार लिटर लागत नाहीत. आणि उन्हाचा मुद्दा खरा तर माझ्या बाजूचा आहे. टेबलावर आलेला ग्लास बिडकीनच्या हवेत दहा मिनिटांत आठ अंशांवर आपोआप येतो. म्युनिकच्या माणसाला यासाठी तळहात ग्लासाला लावून बसावं लागतं. चकण्याचं मात्र काही करता येणार नाही. मसाला पापड, लसणाची शेव आणि हिरवी मिरची यांनंतर जीभ फक्त आग विझवायच्या कामाची उरते. परीक्षक मध्ये मध्ये कोरडा पाव आणि साधं पाणी घेतात. ज्वारीच्या भाकरीचा चतकोर तुकडा हे काम जास्त चांगलं करील, पण परमिट रूममध्ये चकणा म्हणून कोरडी भाकरी मागणाऱ्याकडे ज्या नजरेने पाहतील ती सोसायची तयारी हवी.

चौथ्या आक्षेपावर विनोद करता येत नाही, थोडासाच येतो. महाराष्ट्रात गावातल्या बायकांनी मागणी केली की दारूच्या दुकानावर मतदान होतं, आणि मतपत्रिकेवर दोन चिन्हं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. निवडणुकीच्या इतिहासात इतकं सरळ चिन्ह दुसरं नाही. त्या बायका बरोबर आहेत. अल्कोहोल कर्करोगाला कारण होतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवलं आहे, आणि चवीने प्यायल्यामुळे यकृत फसत नाही. एखादा नवरा ‘आज मी वासाला बारापैकी नऊ दिले’ म्हणत घरी आला तर त्याला दारात जे मिळायचं ते मिळालंच पाहिजे. माझा मुद्दा त्यांच्या विरोधात जात नाही. त्या जी बाटली आडवी करतात तिची परीक्षा कधीच चवीवर झालेली नसते. ती चढण्यासाठी बनते, चढण्यासाठी विकली जाते आणि चढल्यावर कुणाच्या तरी अंगावर येते. कायद्याचंही यात धड ठरलेलं नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली इथे दारू विकली जाते, बिअर-वाइनला वय २१ आणि बाकी मद्याला २५ लागतं, आणि प्रकृतीच्या कारणासाठी परवाना अशीही त्यात सोय आहे. दारूबंदी कायद्याखाली प्रकृतीसाठी प्यायची सोय असलेल्या राज्यात चवीसाठी साठ मिलीचा युक्तिवाद फार विक्षिप्त ठरू नये. न पिणाऱ्याने मात्र यातलं काहीही वाचून सुरुवात करू नये. त्याच्या खात्यावर पाण्याची बाकी शून्य आहे, ती तशीच राहू द्यावी.

राहता राहिली बिडकीनमध्येच अँबर लागर करण्याची कल्पना. आठ हजार एकरांच्या आसपास औद्योगिक जमीन आहे, तेव्हा कुणीतरी कधीतरी ती मांडणारच. तांत्रिकदृष्ट्या ती हास्यास्पद नाही. पिल्झनची सोनेरी लागर जमली ती तिथल्या फार मऊ पाण्यामुळे. व्हिएन्नाचं पाणी जड, क्षारांचं, आणि तसल्या पाण्याचा अल्कधर्मी स्वभाव थोड्या जास्त भाजलेल्या, किंचित आंबट माल्टने ताळ्यावर येतो. काळ्या पाषाणातून उपसलेलं बोअरचं पाणी ज्यांच्या घरी आहे आणि ज्यांच्या गीझरमध्ये पांढरा थर बसतो त्यांना जड पाणी समजावून सांगायची गरज नाही. फारोळ्याचं शुद्ध केलेलं घ्यायचं म्हटलं तर आधी त्यातलं क्लोरीन काढावं लागेल, नाहीतर लागरला दवाखान्याचा वास येईल आणि प्रकृतीचा परवाना असलेल्यांनाच ती चालेल. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीला, म्हणजे आजच्या संभाजीनगरच्या जागी, शहर वसवायला घेतलं, ते पुढे नहर खोदून पाणी आणल्यावर नांदायला लागलं. तेव्हा बिडकीनच्या ब्रुअरने टाकीची जाहिरात करण्याआधी पाण्याचा उतारा दाखवावा. सांडपाणी शुद्ध करून किती परत वापरलं, लिटरमागे पाच लागले की तीन, हे बाटलीवर अल्कोहोलच्या टक्क्याशेजारी तितक्याच ठळक अक्षरांत छापावं.

मग गुणपत्रिकेत सहावा रकाना वाढवणं ओघाने आलं: पाणी. त्याला किती गुण ठेवायचे, यासाठी समिती नेमावी लागेल, आणि समितीत वरच्या धरणांकडचे नाशिक-अहिल्यानगरचे परीक्षक घेतल्याशिवाय निकाल टिकणार नाही. ते म्हणणार, पाणी आमचं, तेव्हा वासाचे बाराही गुण आमच्याकडेच धरा. मराठवाड्याचे परीक्षक वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याबद्दलचा मेंढेगिरी समितीचा अहवाल काढून दाखवणार. वाद समन्यायी वाटपाच्या कायद्यावर जाणार, आणि त्या हिशेबात जायकवाडीत ६५ टक्के पाणी आहे की नाही हे १५ ऑक्टोबरला पाहतात. म्युनिकचा बिअरचा उत्सव तोवर उरकलेला असतो. बिडकीनच्या लागरचा निकाल मात्र दरवर्षी त्यानंतरच लावावा लागेल, आणि लाभक्षेत्राबाहेरच्या परीक्षकांचे गुण आवर्तनाप्रमाणे सोडावे लागतील.